कॉन्ट्रॅक्टरने घराचं काम अर्धवट सोडलं तर: आधी मोजमाप, मग नोटीस, मग तक्रार

काम पोचलेलं असतं स्लॅबपर्यंत, पैसे गेलेले असतात प्लॅस्टरपर्यंतचे, आणि कॉन्ट्रॅक्टरचा फोन लागत नाही. "उद्या माणसं पाठवतो" हे महिनाभर ऐकून घरातले सगळे वैतागलेले असतात, मग कुणी म्हणतं पोलिसात जा, कुणी म्हणतं दुसरा मिस्त्री आणा, काम उरकून घ्या आणि पैशाचं नंतर बघू. मी सिव्हिल इंजिनियर आहे, वकील नाही, पण असे वाद ग्राहक आयोगात किंवा कोर्टात गेले की झालेल्या कामाचा रिपोर्ट द्यायला मला बोलावतात, आणि इतकी प्रकरणं बघून माझं ठाम मत झालंय की मालकाची बाजू पडते ती बहुतेक वेळा कायद्यात नाही, मोजमापात पडते. काम किती झालं, कसं झालं आणि त्याचे पैसे किती होतात हे त्याच वेळी लिहून ठेवलेलं नसतं, आणि नंतर दुसऱ्याने वरून प्लॅस्टर केलं की ते कुणालाच सांगता येत नाही.

आधी एक फरक समजून घ्या. तुम्ही बिल्डरच्या स्कीममध्ये फ्लॅट किंवा रो हाउस घेतलं असेल तर तुमचा रस्ता महारेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा आहे, तिथे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण स्वतःच्या प्लॉटवर, गावच्या जागेवर तुम्ही कॉन्ट्रॅक्टर लावून घर बांधताय तर तो कॉन्ट्रॅक्टर रेरा कायद्यातला प्रमोटर (विकण्यासाठी बांधणारा बिल्डर) नाही, महारेरा तुमची तक्रार घेणार नाही. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, मग काम मटेरियलसकट दिलेलं असो नाहीतर फक्त लेबर रेटने.

दुसरा मिस्त्री आणायच्या आधी

साईट आहे तशी राहू द्या. पावसाळा तोंडावर आलाय, भाड्याच्या घराचे पैसे चालू आहेत, सगळं मान्य, तरी आठ-पंधरा दिवस थांबा आणि आधी मोजणी करून घ्या.

कॉन्ट्रॅक्टरला लेखी कळवा की अमुक तारखेला अमुक वाजता साईटवर संयुक्त मोजणी आहे, तुम्ही या किंवा तुमचा माणूस पाठवा. हे व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि पोस्टानेही पाठवा. तो आला तर दोघांच्या सह्यांची मोजणी होते आणि निम्मा वाद तिथेच मिटतो. नाही आला तर कळवूनही आला नाही असं पंचनाम्यात लिहायचं. पंच म्हणून नात्यातली माणसं घेऊ नका, आजूबाजूची दोन माणसं घ्या, आणि मोजणारा इंजिनियर शक्यतो तुमच्या प्लॅनवर सही करणारा नको, बाहेरचा घ्या, कारण समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

मोजणीत काय निघतं बघा. तालुक्याच्या गावातल्या एका घराचं बिल १,५४० चौरस फुटाचं होतं, टेप लावली तर स्लॅब भरला १,३१० चौरस फूट. मधले २३० फूट आले कुठून, तर कॉन्ट्रॅक्टरने खिडक्यांवरचे छज्जे पूर्ण धरलेले, जिना दोन्ही मजल्यांवर धरलेला आणि पुढचं पार्किंगही पूर्ण रेटने लावलेलं. रेट १,९०० रुपये, म्हणजे फरक ४ लाख ३७ हजारांचा. करारात नुसतं "बांधकाम १,९०० रुपये चौरस फूट" एवढंच लिहिलेलं, छज्जा धरायचा की नाही, बाल्कनी पूर्ण की अर्धी, याचा एक शब्द नाही. अशा वेळी कॉन्ट्रॅक्टर लबाडच असतो असं नाही, त्याच्याकडे ती पद्धत असते आणि मालकाला ती कधी कुणी सांगितलेलीच नसते. म्हणून काम अजून द्यायचं असेल तर मोजायची पद्धत करारातच लिहून घ्या, ही एक ओळ दहा कलमांपेक्षा जास्त कामाला येते.

रिपोर्टमध्ये प्रत्येक कामाची वेगळी नोंद हवी, म्हणजे खोदाई, पीसीसी (तळाचं साधं, बिनसळीचं काँक्रीट), फुटिंग, प्लिंथ, कॉलम, स्लॅब, वीटकाम, आतलं-बाहेरचं प्लॅस्टर, लाईटचे पाइप, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, प्रत्येकाचं माप, झालेलं काम आणि त्याची किंमत. फोटो काढताना आधी लांबून पूर्ण भिंत, मग जवळून तडा किंवा दोष, आणि जवळच्या फोटोत टेप दिसली पाहिजे. नुसता तड्याचा क्लोजअप कुठल्या खोलीतला आहे ते सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही.

काम कच्चं झालंय अशी तक्रार असेल तर नुसतं "निकृष्ट" लिहून भागत नाही. कॉलमला खडी उघडी पडलीय, सळी दिसतेय, स्लॅबमधून पाणी झिरपतंय असं नेमकं लिहा. काँक्रीटच्या ताकदीचा प्रश्न असेल तर सरकारी इंजिनियरिंग कॉलेज किंवा एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडून टेस्ट करून घ्या. रिबाउंड हॅमरने (पृष्ठभागावर ठोकून ताकद बघायचं साधन) अंदाज येतो, पण वाद खरंच मोठा असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटमधून मशीनने कापलेला गोल नमुना, काढावा लागतो. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे निदान तीन कोअर काढतात, त्यांची क्यूबच्या (टेस्टसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या) हिशोबात धरलेली सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के तरी भरली पाहिजे आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. एम २०, म्हणजे २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचं काँक्रीट ठरलं असेल तर सरासरी १७ आणि एकेकट्याला निदान १५, असा हिशोब. हे आकडे रिपोर्टमध्ये आले की आयोगासमोर तुमचं म्हणणं मत राहत नाही, पुरावा होतो. आणि कोअर कुठून काढायचा ते स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारूनच ठरवा, कुठेही भोक पाडू नका.

आणखी एक, साईटवर कॉन्ट्रॅक्टरच्या सेंट्रिंगच्या प्लेटा, जॅक, मिक्सर पडलेले असतात आणि लोक रागाने ते अडवून ठेवतात. करू नका असं. त्याचं सामान त्याला यादी करून, सही घेऊन नेऊ द्या, नाहीतर उद्या तोच तुमच्यावर तक्रार करेल आणि तुमचा मुद्दा बाजूला राहून प्लेटांचा वाद चालू होईल.

कागद

लेखी करार नाही म्हणून हातपाय गाळू नका. तोंडी करारही १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करारच असतो, फक्त काय ठरलं होतं ते दाखवावं लागतं. त्याने दिलेलं कोटेशन, वहीच्या पानावर त्याच्या अक्षरातला हिशोब, बँकेतून गेलेले पैसे, मेसेज, सगळं चालतं. घरासाठी लोन असेल तर एक चांगला पुरावा लोकांच्या लक्षातच येत नाही, बँक प्रत्येक हप्ता सोडताना व्हॅल्युअर पाठवते आणि काम किती टक्के झालंय याची नोंद करून घेते, त्या रिपोर्टची प्रत बँकेकडे लेखी अर्ज करून मागा. जोते तपासणीचं प्रमाणपत्र असेल तर प्लिंथ कधी झालं याची तारीख त्यातून मिळते.

रोख दिलेले पैसे हीच सगळ्यात मोठी अडचण. सही केलेलं व्हाउचर नसेल तर "काल दिलेले ५० हजार मिळाले ना" असा साधा मेसेज आणि त्याचं "हो मिळाले" हे उत्तर सोन्यासारखं आहे. पण स्क्रीनशॉटची प्रिंट जोडली आणि झालं असं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात एक भाग तुमच्या सहीचा आणि एक तज्ज्ञाच्या सहीचा असतो. मूळ फोन जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका, फोन बदलायचा असेल तर आधी वकिलाशी बोला. परदेशात राहून गावाकडे घर बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पैसे कॉन्ट्रॅक्टरच्याच खात्यात टाका, त्याने सांगितलं म्हणून मेहुण्याच्या, सिमेंटवाल्याच्या, मुकादमाच्या खात्यात टाकू नका, नंतर तो सरळ म्हणतो मला मिळालेच नाहीत.

नुकसानीचा आकडा कसा काढायचा

इथे जवळजवळ सगळे चुकतात आणि कमी मागतात. समजा १,२०० चौरस फूट घर, रेट १,९००, म्हणजे पूर्ण काम २२ लाख ८० हजारांचं. तुम्ही १६ लाख दिलेत. मोजणीत निघालं की काम ११ लाख ४० हजारांचंच झालंय. लोक वजाबाकी करतात आणि म्हणतात माझे ४ लाख ६० हजार परत द्या. पण उरलेलं काम आजच्या भावाने दुसऱ्याकडून करून घ्यायला १४ लाख लागणार असतील तर? करार पूर्ण झाला असता तर तुम्हाला अजून फक्त ६ लाख ८० हजार द्यायचे होते, आता लागणार १४, म्हणजे तुमचं खरं नुकसान ७ लाख २० हजार. करार कायद्याच्या कलम ७३ चा गाभा हाच आहे, करार पाळला असता तर तुम्ही जिथे असता तिथे तुम्हाला पैशाने आणून ठेवायचं. त्यावर उशिरामुळे भरावं लागलेलं घरभाडं, तेही भाडेकरार आणि पावत्या असतील तर, आणि निकृष्ट काम तोडून परत करण्याचा खर्च वेगळा.

मात्र त्याच कलमात हेही आहे की नुकसान कमी करण्यासाठी तुमच्या हातात काय होतं ते बघितलं जाईल. म्हणून उरलेल्या कामाची दोन-तीन लेखी कोटेशनं घ्या, तीही ठरलेल्याच क्वालिटीची. साध्या फरशीच्या जागी इटालियन मार्बलचं कोटेशन जोडलं की तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

एकदा बसून बोला, पण लिहून

मिटत असेल तर मिटवा, हे मी मनापासून सांगतो, कारण केस लांबली की घर तसंच पडून राहतं आणि उघड्या सळ्या गंजतात. पण मोजणी झाल्यावरच बसा, तेव्हा बोलणं आकड्यांवर होतं, शिव्यांवर नाही. समझोता झाला तर कुठलं काम, कुठल्या तारखेपर्यंत, त्या टप्प्याला किती पैसे, आणि नाही झालं तर काय, एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे केस दाखल करायच्या आधीच अर्ज देऊन प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, त्यामुळे सही करताना नीट वाचून करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत, त्यासाठी १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे.

नोटीस

वकिलाकडून पाठवा किंवा स्वतः लिहा, नोटीस छोटी आणि आकड्यांची असावी. काय ठरलं, कधी, किती दिले, काम कुठे थांबलं, मोजणीत काय निघालं, तुम्हाला काय हवंय आणि किती दिवसांत, साधारण १५ दिवस देतात. धमक्या, बदनामी, "तुझं लायसन्स रद्द करतो" असलं काही लिहू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा पोस्टात नोंदणी आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा आणि ट्रॅकिंगची प्रिंट काढून ठेवा. "घेण्यास नकार" असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका, तसंच बंद ठेवा. बरोबर पत्त्यावर पाठवलेली आणि नाकारलेली नोटीस कोर्ट साधारणपणे पोचलेलीच धरतं.

ग्राहक आयोग

घर बांधून देणं ही सेवा आहे हे सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये लखनौ डेव्हलपमेंट अथॉरिटी विरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणात सांगितलं आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी सेवेच्या व्याख्येतच आहे. म्हणजे स्वतः राहायला घर बांधत असाल तर तुम्ही ग्राहक आहात. भाड्याने द्यायचं शॉपिंग कॉम्प्लेक्स असेल तर व्यापारी हेतूचा मुद्दा येतो, तिथे बहुतेक दिवाणी कोर्टच बघावं लागतं.

तुम्ही मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. इथे दिलेले पैसे बघतात, मागितलेली भरपाई नाही. फी अगदी कमी आहे, ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. वरच्या उदाहरणातल्या माणसाने १६ लाख दिलेत, त्याला ४०० रुपये लागतील. आणि २०१९ च्या कायद्याने मोठी सोय झालीय, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे घर साताऱ्यात आणि तुम्ही ठाण्यात असाल तर ठाण्यातही चालते. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर भरता येते, वकील सक्तीचा नाही, पण इंजिनियरचा रिपोर्ट मात्र त्याच्या प्रतिज्ञापत्रासह जोडा, नुसता लेटरहेडवरचा रिपोर्ट सहज उडवला जातो. १९१५ वर फोन करून आधी माहिती घेऊ शकता.

मुदत २ वर्षं. आणि कृपा करून हे नीट वाचा, नोटीस पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. काम थांबलं त्या दिवसापासून मोजा आणि शेवटच्या महिन्याची वाट बघू नका. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर अजून १५, त्यापुढे उत्तर घेता येत नाही असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलंय, तेव्हा तो तारखा मागत बसला तर हे दाखवून द्या. कायद्यात निकालाला ३ महिने, टेस्टिंग असेल तर ५ महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, त्या तयारीने जा.

करारात लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी मध्यस्थ लवादाकडे न्यायचा अशी अट) असेल तर कॉन्ट्रॅक्टर म्हणेल आयोगात जाता येत नाही. येतं. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. दिवाणी कोर्टात मात्र ते कलम आडवं येतं.

दिवाणी कोर्ट, पोलीस आणि चेक

दिवाणी दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे, कोर्ट फी रकमेप्रमाणे लागते आणि वेळही जातो. पण कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी, मनाई हुकूम, साक्षीदारांची सविस्तर उलटतपासणी हे सगळं तिथे नीट होतं, त्यामुळे हिशोब फार गुंतागुंतीचा असेल किंवा ग्राहक आयोगाची मुदत गेली असेल तर तोच रस्ता.

पोलिसांकडे जायची सगळ्यांना घाई असते. कराराचा भंग म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नाही, पहिल्या दिवसापासून फसवायचाच हेतू होता हे दिसलं पाहिजे. खोटी बिलं, मटेरियलसाठी घेतलेले पैसे घेऊन त्याच दिवशी गायब होणं, एकाच वेळी अनेकांना असंच केलेलं असणं, अशा गोष्टी असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३१६ खाली तक्रार द्या. नाहीतर पोलीस "दिवाणी बाब आहे" म्हणून समज देतात आणि त्या नादात तुमचे महिने जातात.

समझोत्यात त्याने चेक दिला आणि बाउन्स झाला तर तारखा पाठ ठेवा, बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ खाली कोर्टात तक्रार.

कॉन्ट्रॅक्टरचीही बाजू असते

मध्येच किचन ओटा हलवला, एक खोली वाढवली, वर टाकीचा टॉवर घेतला आणि "ते त्यातच धरा" म्हणाले, असे मालक मी खूप पाहिलेत. फुकटात करायचा हेतू नसलेलं काम तुम्ही करून घेतलंत आणि त्याचा फायदा वापरताय तर करार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे त्याचा मोबदला द्यावा लागतो, लेखी ऑर्डर नसली तरी. त्यामुळे मोजणीत वाढीव कामाचा कॉलम वेगळा ठेवा आणि प्रामाणिकपणे भरा. कॉन्ट्रॅक्टर वाचत असेल तर त्यालाही हेच, वाढीव कामाचा रेट मेसेजवर कळवून "ओके" घेतल्याशिवाय वीट लावू नका, आणि पैसे अडकले तर तुमचा रस्ता ग्राहक आयोग नाही, ३ वर्षांच्या आत दिवाणी दावा आहे.

निकाल लागल्यावर

जिल्हा आयोगाचा आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. समोरच्याला राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस असतात, पण त्यासाठी आदेशातल्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात, आणि तिथेच बरेच जण तडजोडीला येतात. ना अपील ना पैसे असं झालं तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुलीचा अर्ज करा, त्यात त्याचं बँक खातं, गाडी, जमीन यांची माहिती द्यावी लागते, म्हणून त्याला पूर्वी ज्या खात्यात पैसे टाकले त्याचा नंबर आणि त्याच्या नावचा सातबारा तेव्हाच काढून ठेवा. कलम ७२ खाली आदेश न पाळल्याबद्दल १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन्ही अर्ज वेगवेगळे असतात. कलम ७२ चा अर्ज टाकला की माणूस हजर होतो, पण पैसे जप्तीतून वसूल व्हायचे ते ७१ खाली, तेव्हा वकिलाला दोन्ही टाकायला सांगा.